मुठेकाठची गावे आणि शहराची उधारी

जानेवारी २०२५मध्ये पुण्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोमचे) रुग्ण एकामागून एक सापडू लागले. हातापायांतली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावे लागते, असा हा आजार. एरवी लाखात एखाद्याला होणारा. काही आठवड्यांत संशयितांचा आकडा दोनशेच्या घरात गेला. रुग्णांचे पत्ते पाहिले तर बरेचसे एकाच पट्ट्यातले निघाले: नांदेड गाव, किरकटवाडी, नांदोशी, धायरी, खडकवासला. सिंहगड रस्त्याच्या टोकाची, मुठेच्या खोऱ्यातली गावे. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले. दोन्ही दूषित पाण्याअन्नातून पोटात जाणारे. मग सगळ्यांचे लक्ष नांदेड गावातल्या एका विहिरीकडे गेले. तिचे पाणी शुद्धीकरण केंद्रात न जाता, फक्त क्लोरिन मिसळून, आसपासच्या गावांना जात होते.

आता हा भूगोल पाहा. साऱ्या पुण्याची तहान भागवणारे खडकवासला धरण या गावांच्या उशाला आहे. पाणी आणि प्रवाह यांवर संशोधन करणारी देशातली जुनी सरकारी संस्था, १९१६ साली सुरू झालेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र, खडकवासल्यालाच आहे. धरणाचे पाणी या गावांच्या शेजारून शहरात जाते, तिथे शुद्ध होते आणि कोथरूड-औंधच्या नळांतून येते. धरणाच्या पायथ्याच्या माणसांनी मात्र विहिरीचे पाणी प्यायचे. आणि ही गावे तेव्हा काही परक्या हद्दीत नव्हती. धायरी २०१७पर्यंत आणि बाकीची जून २०२१मध्ये पुणे महानगरपालिकेत आलेली होती.

नदीकाठचे गाव शहराचे उपनगर कसे होते, ही गोष्ट आपण बहुधा दोनच सुरांत ऐकतो. एक विकासाचा: पूर्वी इथे काही नव्हते, आता मेट्रो येतेय. दुसरा हळहळीचा: पूर्वी इथे जोंधळ्याची शेते होती, आता टॉवर आहेत. दोन्ही सूर मला अपुरे वाटतात, कारण दोघांनाही व्यवहार दिसत नाही. गाव शहरात जाणे हा एक व्यवहार आहे. त्यात शहराला जमीन मिळते, बांधकाम शुल्क मिळते, मिळकतकर मिळतो, आणि तेही पहिल्या दिवसापासून. गावाला जे मिळायचे ते पाणी, सांडपाण्याची वाहिनी, रस्ता, नियोजन, प्रतिनिधी. ते सगळे उधारीवर. माझे म्हणणे एवढेच, की ही उधारी शहराने फेडली पाहिजे. आणि ती काय काय आहे हे समजून घ्यायचे असेल तर गावाचा इतिहास वाचायला हवा, गावाबद्दलच्या कविता नव्हेत.

हळहळीचा समाचार आधी घेऊ. मुठेकाठचे गाव म्हणजे वड, पार, घाट आणि सुखी माणसे, असे काही नव्हते. नदी सगळ्यांची असली तरी पाणवठा सगळ्यांचा नव्हता. वरच्या अंगाला कोणी भरायचे आणि खालच्या अंगाला कोणी, हे जातीने ठरलेले असे. महार वतनाच्या जमिनी होत्या त्या सेवेच्या बदल्यात दिलेल्या, म्हणजे गावकीची राबणूक गळ्यात बांधूनच दिलेल्या. १९५८च्या कायद्याने कनिष्ठ वतने गेली. जमिनी वतनदारांना परत मिळाल्या, पण नव्या शर्तीने. त्या आजही जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून आणि नजराणा भरल्यावाचून विकता येत नाहीत. शहर दाराशी आले आणि गुंठ्याला सोन्याचा भाव आला, तेव्हा या शर्तीचे महत्त्व कळले. शर्त नसलेल्या, वर्ग एकच्या सातबाऱ्याने बंगला बांधला. शर्तीचा, वर्ग दोनचा सातबारा कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिला, किंवा कुणीतरी मध्यस्थाने तो मातीमोलाने ‘सोडवून’ घेतला. ज्यांच्याकडे सातबाराच नव्हता, त्या परीट, कुंभार, शेतमजूर कुटुंबांना उपनगराने काय दिले याचा हिशेब तर कुणी मांडतच नाही. त्यांची घरे गावठाणात; तिथे आज खोल्या भाड्याने देणे हाच धंदा.

आणि ग्रामपंचायत म्हणजे लोकशाहीचे तीर्थक्षेत्र, हाही समज सोडून द्यावा. महापालिकेची हद्द पुढे सरकणार अशी कुणकुण लागली की काठावरच्या गावांत इमारती कशा उगवतात, हे या रस्त्यावर राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. दोन-तीन गुंठ्यांवर पाच मजले, समोर रिक्षा जेमतेम वळेल एवढी गल्ली, सांडपाणी ओढ्यात. परवानगी कुणाची? पंचायतीच्या नाहरकत दाखल्याची. पुढे अशी बांधकामे नियमित करणारा गुंठेवारी कायदा आला २००१मध्ये. त्यातली नियमित करण्याची तारीखही नंतर पुढे, डिसेंबर २०२०पर्यंत सरकवण्यात आली. म्हणजे नियम मोडणाऱ्याने थोडा धीर धरावा, नियमच त्याच्याकडे चालत येतो. ज्यांनी ही घरे घेतली ती सामान्य माणसे होती. बँकेचे कर्ज मिळणाऱ्या, मंजूर नकाशाच्या घराची किंमत त्यांच्या आवाक्याबाहेरची होती. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण ‘गाव होते तेव्हा सगळे नीट होते’ असे म्हणणाऱ्या माजी सरपंचांनाही जरा जपूनच टाळ्या द्याव्यात.

मग गावाकडे होते तरी काय, जे शहराने घ्यायला हवे होते आणि घेतले नाही? नदीची माहिती. गावठाण नदीपासून थोडे उंचावर, सहसा पुराचे पाणी पोचणार नाही तिथे. त्याखाली मळईची जमीन, पुराने दरवर्षी गाळ आणून टाकलेली. तिथे पीक घ्यायचे, घर बांधायचे नाही. पाणी ओसरले की पात्रालगत गाळपेर करायची, आणि पावसाळ्याआधी ती सोडूनही द्यायची. ओढा कुठून येतो आणि भरला की कोणाच्या बांधावरून जातो, हे माणसांना तोंडपाठ. यात कसले गूढ ज्ञान नाही. नदीने दोन-चार पिढ्यांची घरे वाहून नेली की उरलेले शहाणे होतात, इतकेच. पण ही माहिती जमिनीच्या वापरातच नोंदलेली होती. घर कुठे आहे आणि काकडी कुठे आहे, एवढे पाहिले तरी पूर कुठवर येतो ते कळायचे. शेत बिगरशेती झाले आणि ही नोंद पुसली गेली.

खरे तर पुणे शहराला नदीने ही गोष्ट एकदा फार मोठी किंमत घेऊन शिकवली होती. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासलाही फुटले, आणि मुठेने नदीकाठचे अर्धे जुने पुणे धुऊन काढले. मग पूरग्रस्तांसाठी वसाहती उभ्या राहिल्या; गोखलेनगर, जनवाडी, सहकारनगर हे भाग त्या पुराने वसवले. पुण्याच्या उपनगरांचा इतिहास सांगताना लोक कारखाने, लष्कर, आयटी यांची नावे घेतात. पुराचे नाव क्वचित घेतले जाते. शहर मोठ्या प्रमाणावर आपल्या जुन्या पेठांबाहेर पसरले, त्यामागे नदीची भीती हेही एक कारण होते. गावांनी जे शतकानुशतके केले तेच शहराने एका पुरात केले: माणसे पाण्यापासून दूर, वर नेली.

दोन पिढ्यांत ही भीती विरली. पानशेत, खडकवासला पुन्हा बांधली गेली, वरसगाव आणि टेमघर झाली. चारही धरणांत मिळून २९ टीएमसीच्या आसपास पाणी मावते. वर एवढे पाणी अडवले म्हटल्यावर खाली नदी बहुतेक वर्षभर नदी दिसेनाशीच झाली. पात्रात सांडपाणी, जलपर्णी आणि क्रिकेट. जी नदी आठ-दहा महिने वाहत नाही, तिचा काठ ही रिकामी जागा वाटू लागते. राडारोड्याचे ट्रक रात्री येऊन ओतू लागले. भराव झाला, भरावावर पत्र्याचे शेड, मग मंगल कार्यालय, मग पार्किंग. रिकाम्या जागेचा मोह सरकारलाही आवरत नाही. विठ्ठलवाडीपासून महामार्गाकडे जाणारा रस्ता महापालिकेने मुठेच्या पात्रातूनच काढायला घेतला होता. २०१३मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने निळ्या रेषेच्या आतल्या त्या रस्त्याला हरकत घेतली. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची हद्द, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको, निळ्या-लाल पट्ट्यात बंधने पाळून, असा सर्वसाधारण नियम. म्हणजे रेषा कशासाठी आहे हे माहीत असलेल्या यंत्रणेनेच त्या रेषेवर डांबर ओतले होते.

२५ जुलै २०२४च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरले. खडकवासल्यातून त्या वेळी ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडले जात होते. तळमजले बुडाले, गाड्या तरंगल्या, लष्कराला बोटी घेऊन यावे लागले. ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा तेच. पहिल्या वेळी नागरिक म्हणाले, सूचना आलीच नाही. पाटबंधारे खाते आणि महापालिका यांनी एकमेकांकडे बोट दाखवले, आणि गंमत म्हणजे दोघांपैकी कुणाचेही म्हणणे अगदीच खोटे वाटत नव्हते. धरणाचे दार एका खात्याकडे, काठ दुसऱ्याकडे. जुन्या गावात हा वाद झाला नसता, कारण त्या जागी उठवायला कुणी झोपलेलेच नसते.

एकता नगरीतल्या लोकांवर ‘नदीत घर घेतलेत तर पाणी येणारच’ अशी टिप्पणी त्या आठवड्यात पुष्कळांनी केली. मला ती क्रूर वाटली. तिथे अनेक दशकांपूर्वी सदनिका घेणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाला पूररेषेचा नकाशा कुणी दाखवला होता? त्याने इमारतीचा मंजूर नकाशा पाहिला, बँकेने दिलेले कर्ज पाहिले, मिळकतकराची पावती पाहिली. यांतल्या एकाही कागदावर पुराचे नाव नव्हते. शिवाय नदी तीच असली तरी काठ तोच राहिलेला नाही. समोरच्या बाजूला भराव पडला, खाली पूल झाले, ओढे गाडले गेले, की तेवढ्याच विसर्गाला पाणी पूर्वीपेक्षा उंच चढते. इमारत जागची हलली नाही. पूर तिच्याकडे सरकला.

आता समाविष्ट होण्याच्या प्रक्रियेकडे येऊ. पुणे महापालिका १५ फेब्रुवारी १९५०ची. १९९७मध्ये ३८ गावे एकदम हद्दीत आली. त्यावर विरोध झाला आणि २००१मध्ये १५ गावे पूर्ण आणि पाच अंशतः बाहेर काढली गेली. उरलेल्या २३ गावांच्या विकास आराखड्याला टप्प्याटप्प्याने मंजुरी मिळता मिळता २०१२ उजाडले. पंधरा वर्षे! पंधरा वर्षांत वारजे, वडगाव, बाणेर, खराडी कुठल्या कुठे गेली. शाळा कुठे, मैदान कुठे, रस्ता किती रुंद, हे कागदावर ठरेपर्यंत जमिनीवर सगळे ठरून गेलेले होते. नंतर २०१७मध्ये ११ गावे, त्यांत पुन्हा १९९७ला घेऊन २००१ला सोडलेलीही होती. जून २०२१मध्ये आणखी २३. हद्द ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेली आणि पुणे क्षेत्रफळाने मुंबई महापालिकेपेक्षाही मोठे झाले, याच्या बातम्या अभिमानाने छापून आल्या. क्षेत्रफळाचा अभिमान कशासाठी असतो, हे मला अजून उमगलेले नाही.

त्या शेवटच्या २३ गावांची अवस्था तर विचित्र. ग्रामपंचायती बरखास्त झाल्या. नगरसेवक निवडून यायची वेळ आली तर मार्च २०२२मध्ये सभागृहाचीच मुदत संपली आणि प्रशासक आले. निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या. म्हणजे कालपर्यंत ज्या गावात वीस पावलांवर सरपंच भेटे, तिथे जानेवारी २०२६च्या निवडणुकीपर्यंत दाद मागायला एकही निवडून दिलेला माणूस नव्हता. वर नियोजनाचे अधिकार महापालिकेला न देता पीएमआरडीएला, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला, दिले गेले. बांधकामाची परवानगी एकाची आणि त्या इमारतीला पाणी पुरवायची जबाबदारी दुसऱ्याची. परवानगी देणाऱ्याला पाणी द्यायचे नव्हते, पाणी देणाऱ्याला परवानगी नाकारता येत नव्हती. या दोघांच्या मधल्या जागेत टँकरवाले आले. नांदेड गावची ती विहीरही याच मधल्या जागेतली.

लोकशाहीच्या बाजूने काय गेले ते नीट पाहायला हवे. ग्रामसभा हा कायद्याने बंधनकारक प्रकार आहे. वर्षातून किमान चार वेळा, कुणीही प्रौढ मतदार उठून खर्चाचा हिशेब विचारू शकतो. व्यवहारात अनेक ग्रामसभा कोरमअभावी तहकूब होतात, भांडणात संपतात, हे मान्य. तरी विचारायची जागा होती. शहरात आल्यावर काय? २०१७च्या निवडणुकीत पुण्यात ४१ प्रभाग होते. २०११च्या जनगणनेनुसार ३१ लाख लोकसंख्या. म्हणजे एका प्रभागात पंचाहत्तर हजार माणसे, चार नगरसेवक, आणि सभा शून्य. राज्याच्या महापालिका कायद्यात २००९पासून क्षेत्रसभेची तरतूद आहे. प्रभागाचे छोटे भाग पाडायचे आणि तिथल्या मतदारांची सभा भरवायची, अशी. कागदावर ती तरतूद पंधरा वर्षांहून अधिक काळ पडून आहे. नगरसेवकांना ती नको असते, प्रशासनाला ती कटकट वाटते, आणि आपल्यातल्या बहुतेकांनी तिचे नावही ऐकलेले नसते.

शहर गावाकडून घेते तसे गावाकडे ढकलतेही, हाही या इतिहासाचा एक भाग. महर्षी कर्व्यांनी १९००मध्ये विधवांचा आश्रम हिंगण्याला नेला, तेव्हा ते गाव पुण्याबाहेर होते. शहरात प्लेग होता, आणि शहराच्या सोवळ्यात विधवांच्या शिक्षणाला जागा नव्हती. शहराला जे आपल्या घरात नको होते, ते मुठेकाठच्या एका खेड्याने ठेवून घेतले. १९१६मध्ये महिला विद्यापीठ सुरू झाले तेही तिथेच. पुढे त्याच जागेचे कर्वेनगर झाले आणि शहराने मानाने मिरवले. हे झाले उजळ उदाहरण. दुसरे उरुळी देवाची आणि फुरसुंगीचे. ती मुठेकाठची नाहीत, पण वागणूक तीच. शहराच्या हद्दीत येण्यापूर्वी कितीतरी वर्षे पुण्याचा कचरा तिथे जात होता, विहिरी त्याने नासल्या, आणि गाड्या अडवून आंदोलने झाली. २०१७मध्ये ती महापालिकेत आली, मिळकतकराची बिले आली, पाणी काही त्या वेगाने आले नाही. अखेर २०२४मध्ये दोन्ही गावे बाहेर पडून स्वतंत्र नगरपरिषद झाली. सात वर्षांत एखादे गाव शहराला कंटाळून बाहेर पडते, यावर शहराने थोडा तरी विचार करायला हवा होता. फार झाला नाही.

यावर मगरपट्ट्याचे उदाहरण पुढे केले जाते, आणि ते फेटाळण्यासारखे नाही. हडपसरच्या सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन विकून न टाकता एकत्र केली, कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात भागधारक झाली. पुढे मुठेकाठी नांदेड सिटी त्याच धर्तीवर उभी राहिली. जमीन विकून जीप घेतली आणि पाच वर्षांत दोन्ही गमावले, असे किस्से प्रत्येक उपनगरात आहेत. त्यापुढे हे फारच शहाणपणाचे. पण जमिनीच्या प्रमाणात भाग म्हणजे बिनजमिनीच्या माणसाला भाग नाही, हेही त्यातच आले. आणि कुंपणाआड उत्तम नियोजन झाले म्हणून कुंपणाबाहेरच्या गावठाणाची नळयोजना होत नाही. नांदेड सिटी आणि जानेवारी २०२५चे नांदेड गाव यांची शीव एकच आहे. खाजगी शहाणपण महापालिकेची जागा घेऊ शकत नाही.

उधारी फेडायची म्हणजे करायचे काय? मोठ्या घोषणा नकोत. एक, समाविष्ट गावात शुद्ध पाण्याची वाहिनी पोचल्याशिवाय नव्या मोठ्या गृहप्रकल्पाला भोगवटापत्र, म्हणजे राहायला जाण्याची परवानगी, देऊ नये. बिल्डरने ‘टँकरने पाणी देऊ’ असे हमीपत्र द्यायचे आणि यंत्रणेने ते स्वीकारायचे, हा प्रकार बंद व्हावा. याने घरे महागतील, असे म्हणतात. टँकरला दरमहा मोजले जाणारे पैसे मिळवून पाहा, मग महाग काय ते ठरवू. दोन, गाव हद्दीत आल्याच्या दिवसापासून त्याच्या जुन्या वॉर्डांच्या क्षेत्रसभा सुरू कराव्यात. नगरसेवक नसला तरी सभा घेता येते, अधिकारी हजर ठेवता येतो. कायदा आहे, नियम करायचे आणि तारीख लावायची.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि तिला खर्चही फारसा नाही. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ नावाचा रकाना असतो. त्यात सोसायटीचे कर्ज येते, कुळाचे नाव येते, विहिरीतला हिस्सा येतो. नदीकाठच्या प्रत्येक गटनंबरावर त्याच रकान्यात पूररेषेची नोंद करावी: निळ्या रेषेत, किंवा निळ्या-लाल पट्ट्यात. मिळकतपत्रिकेवरही तीच, सदनिकेच्या खरेदीखतातही तीच. भराव, पूल, काँक्रीटचे काठ यांनी नदी बदलली की रेषा पुन्हा मोजावी आणि नोंद दुरुस्त करावी. मळईच्या पिकावरून जे पूर्वी डोळ्यांना दिसे ते निदान कागदावर तरी दिसेल. एकता नगरीसारख्या ठिकाणी आधीच राहत असलेल्यांचे काय, हा प्रश्न त्यानंतर पुनर्विकासाच्या टेबलावर प्रामाणिकपणे घेता येईल. आज तो ‘संरक्षक भिंत बांधू’ या आश्वासनात अडकला आहे, आणि भिंत एका काठाला बांधली की पाणी दुसऱ्या काठाला जाणार.

या तिसऱ्या सूचनेला सर्वांत कडवा विरोध होईल, तो शहराकडून कमी आणि गावाकडूनच जास्त. नोंद झाली की गुंठ्याचा दर उतरेल. ज्या शेतकऱ्याकडे तेवढाच तुकडा उरलाय, त्याचे म्हणणे खोटे नाही. त्याला विकास हक्क हस्तांतरणाचा, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकाम हक्काचा, मोबदला वेळेत आणि पूर्ण मिळाला पाहिजे. आज तो मिळवण्यासाठी जी फरफट होते ती थांबली पाहिजे. पण ज्यांनी तो तुकडा त्याच्याकडून केव्हाच घेऊन ठेवलाय आणि आराखड्यातली रेषा आपल्या बाजूने थोडी सरकेल म्हणून वाट पाहत बसले आहेत, त्यांचा दर उतरत असेल तर खुशाल उतरू दे.